गाविलगडाची वाट आणि एनडीएची वाट

दोस्तांनो, पुण्याजवळच्या खडकवासल्याचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. तिथे धरणाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. सगळे तिला एनडीए म्हणतात. १९४९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी इथे तीन वर्षं एकत्र शिकतात. शिकणं, राहणं, जेवण सारं सरकारी खर्चानं, आणि बाहेर पडताना हातात पदवी!

"पण ते पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम. आपल्या वऱ्हाडातून कुठं जमते ते?" असं घरी कुणी म्हणालं, तर त्यांना आपल्या शेजारच्या नागपूरचे जनरल मनोज पांडे सांगा. एनडीएत शिकलेले हे गृहस्थ २०२२ साली भारताचे लष्करप्रमुख झाले. मुलींनो, तुम्हीही कान टवकारा. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएची दारं मुलींना उघडली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली.

तर आज आपण एक सहल काढू या. अमरावतीहून निघायचं, गाविलगड चढायचा आणि अकोटवरून अकोला गाठायचं. वाटेत बघायचं, की आठवी-नववीतल्या मुलांना एनडीएची तयारी आपल्या वऱ्हाडातच कशी सुरू करता येईल.

पहिला मुक्काम अमरावती. अंबादेवीचं दर्शन घेऊन सरळ श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात चला. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. तिथल्या खेळाडूंनी १९३६ साली थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले! मल्लखांब, कुस्ती, कबड्डी, जिम्नॅस्टिक्स असं सगळं इथे चालतं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दोरीवर सरसर चढणारा तो मुलगा काही महिन्याभरात तयार झालेला नाही. शरीर हळूहळू घडतं. म्हणून आठवीपासून रोज पहाटे धावा. पण आपला उन्हाळा ठाऊक आहे ना? पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा सूर्य वर यायच्या आत धावणं आटपायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. शाळेत एनसीसी असेल तर नाव घालाच. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे एनसीसीच्या बटालियन आहेत.

आता परतवाड्याच्या रस्त्याला लागू. परतवाडा मागे पडला की घाट सुरू होतो आणि गार वारा लागतो. आलं चिखलदरा! समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास. जवळच गाविलगड आहे. त्याच्या तटावर बसून एक गोष्ट ऐका.

डिसेंबर १८०३. हा किल्ला नागपूरकर भोसल्यांचा. दक्षिणेकडे ताशीव कडे, तिकडून तोफा आणायची सोयच नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीनं काय केलं? स्वतः दक्षिणेकडे तळ दिला आणि स्टीव्हन्सनची फौज डोंगरातून लांबचा वळसा घालून उत्तरेला पाठवली. सुमारे पन्नास किलोमीटरची वाट, आणि वाट तरी कसली! सैनिक झाडं तोडत, दगड फोडत रस्ता तयार करत होते आणि जड तोफा हातांनी ओढत होते. ७ तारखेला निघालेली फौज १२ तारखेला उत्तरेच्या तटासमोर होती. १५ तारखेला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला.

आपला किल्ला गेला याचं वाईट वाटतंच. पण शत्रूकडूनही शिकावं. शेवटचा हल्ला एका दिवसाचा होता. त्याआधीचे दिवस रस्ता बांधण्यात गेले. एनडीएचंही तसंच आहे. परीक्षा एका दिवसाची, पण तिथवरचा रस्ता आठवीपासून बांधावा लागतो.

हा रस्ता लवकर का बांधायचा? कारण वाटेतले दरवाजे वयाप्रमाणे उघडतात आणि बंदही होतात. पाचवीत असाल तर सैनिक शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. आपल्या विदर्भात चंद्रपूरला २०१९ पासून सैनिक शाळा आहे. तिथे नववीतही प्रवेश मिळतो. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात आठवीत घेतात, पण तेव्हा वय साडेअकरा ते तेरा वर्षांच्या आत हवं. तेरा उलटले, की ते दार कायमचं बंद.

तुम्ही नववीत किंवा दहावीत आहात? मग छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट लक्षात ठेवा. राज्य सरकारनं १९७७ साली सुरू केलेली ही संस्था दहावी झालेल्या मुलांना निवडून घेते आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो. रहिवासाचा दाखला लागतो, म्हणून तहसील कचेरीतून तो आधीच काढून ठेवा. बारावी झाल्यावर ही माहिती कळून काय उपयोग?

चला, घाट उतरू. परतवाड्यावरून पश्चिमेला निघालं की अंजनगाव सुर्जी लागतं. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला तो इथेच. पुढे अकोट. अकोटच्या उत्तरेला सातपुड्यात नरनाळा किल्ला आहे. तिथे जायचं तर वनखात्याच्या परवानगीनं आणि मोठ्या माणसांबरोबर जा. तिथून तेल्हारा तालुक्यातलं अडगाव गाठू. चहूकडे काळं रान, कपाशी आणि तूर. याच मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी लढाई झाली. मराठ्यांच्या तोफा कडाडल्या आणि इंग्रजांच्या तीन पलटणी चक्क पळत सुटल्या! दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत याच पलटणी हिमतीनं लढल्या होत्या. वेलस्ली जवळच होता. त्यानं डोकं शांत ठेवून त्यांना थोपवलं, पुन्हा ओळीत उभं केलं आणि लढाई जिंकली.

एनडीएच्या मुलाखतीत हेच पाहतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि त्यानंतरची मुलाखतही ९०० गुणांची. ती चार-पाच दिवस चालते. गटानं चर्चा करायची, दोर-फळ्या घेऊन अडथळे ओलांडायचे, चित्र पाहून गोष्ट लिहायची. गडबड झाली तर हा मुलगा घाबरतो की सगळ्यांना सांभाळून घेतो, हे तिथले अधिकारी बघतात. हा गुण क्लासमध्ये विकत मिळत नाही. शाळेचं गॅदरिंग, गणपती मंडळ, क्रिकेटची टीम, शेतातली कामं, इथे जबाबदारी अंगावर घेत घेतच तो येतो.

शेवटचा मुक्काम अकोला. मोर्णाकाठच्या असदगडाच्या सावलीत बसून वही-पेन काढा आणि हिशेब मांडा. लेखी परीक्षेत ३०० गुण गणिताचे आणि ६०० सामान्य ज्ञानाचे. त्या ६०० मधले २०० एकट्या इंग्रजीचे! प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमातल्या मित्रांनो, घाबरू नका. आठवीपासून रोज इंग्रजी पेपरातली एकच बातमी मोठ्यानं वाचा आणि पाच शब्द वहीत उतरवा. दहावीपर्यंत फरक तुम्हालाच दिसेल. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकायची सवय आत्ताच सोडा.

आता आई-बाबांशी दोन शब्द. आपल्याकडे दहावी झाली की डॉक्टर व्हायचं म्हणून पुष्कळ मुलं गणित सोडून देतात. नौदल किंवा हवाई दल हवं असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. भूदलाला कुठलीही शाखा चालते, पण गणिताचा पेपर कुणालाच चुकत नाही. तेव्हा अकरावीचा फॉर्म भरण्याआधी मुलांशी नीट बोला. डोळे आणि दातही डॉक्टरांना वेळेवर दाखवा. आणि खर्रा? घरात कुणी खात असेल तर मुलासाठी म्हणून सोडा. वैद्यकीय तपासणीत दातसुद्धा मोजतात!

एक खरी गोष्टही सांगायला हवी. एका वेळी जागा चारशेच्या आसपास असतात आणि अर्ज लाखांनी येतात. तयारी करूनही अनेकांची निवड होत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आहे, एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर आणखी एक वाट आहे. आणि पहाटे उठायची सवय, पक्कं गणित, बरं इंग्रजी, निर्व्यसनी शरीर हे कुठल्याही कामात उपयोगी पडतंच. बांधलेला रस्ता वाया जात नाही.

तर मग, या रविवारी घरच्या कॅलेंडरवर तुमची जन्मतारीख बघा आणि हिशेब करा. एनडीएत शिरताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान लागतं. तुमच्या हातात किती वर्षं आहेत? आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि सोमवारी पहाटे बूट घालून मैदानावर चला!