फुंकणी

आमच्या मातोश्रींनी उभ्या आयुष्यात विडीला स्पर्श केला नाही. तो पराक्रम आम्ही केला; तोही वीस वर्षे, त्यांच्यापासून लपवून! तथापि छातीचा विकार जडला तो त्यांना. नंदुरबारच्या जुन्या घरात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांवर त्यांनी पस्तीस वर्षे स्वयंपाक केला. पावसाळ्यात जळण ओले असे. मग त्या फुंकणी घेऊन चुलीपुढे वाकत, आणि आम्ही ओसरीवर वर्डस्वर्थ वाचीत धुराबद्दल तक्रार करीत असू.

खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही तो मिरचीच्या माथी मारला. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळणाऱ्या तांबड्या मिरचीचा वारा ज्याने घेतला आहे, त्याला हे निदान अगदीच खुळे वाटणार नाही. पुढे एका डॉक्टरांनी दमा ठरवून पंप दिला. ‘पंपाची सवय लागते’ हे शेजाऱ्यांचे मत आम्ही, दोन पदव्या पदरी असून, शिरोधार्य मानले; पंप वर्षभर फडताळात राहिला.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांचा २००९ सालचा ‘लॅन्सेट’मधील लेख आमच्या हाती फार उशिरा पडला. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा श्वासरोध होतो व चुलीचा धूर हे त्याचे जगातील सर्वांत मोठे कारण असू शकेल, असे त्यात म्हटले आहे. मग श्वासाची तपासणी झाली. “आजी, जोराने फुंका,” असे तेथील मुलगा म्हणताच मातोश्री हसल्या, “मला फुंकायला शिकवतोस?” पण पहिल्या सेकंदात निघालेला श्वास एकूण श्वासाच्या निम्माही भरला नाही, सत्तर टक्क्यांच्या खाली गेला तरी विकार मानतात.

दम्यातली सूज बहुधा इओसिनोफिल पेशींची. तिला स्टेरॉइड मानवते. धुराने येणारी पुष्कळदा न्यूट्रोफिलांची, आणि ती त्याला सहसा दाद देत नाही. तेथे श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधांवरच मुख्य भिस्त. २०२४ साली अमेरिकेत व युरोपात डुपिलुमॅब हे इंजेक्शन या विकारासाठी मान्य झाले, तेही ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल अधिक त्यांच्यापुरतेच. मातोश्रींचे अधिक नाहीत.

आता पंप रोज नेमाने चालतो. परवा तो ओढून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तूही एकदा त्या नळीत फुंकून ये. परसातून वीस वर्षे वास येत होता मला.”

सोमवारची वेळ आम्ही घेतली आहे.