बदामीची माकडं काय बोलतात?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून बदामीला गेलो. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज मुलाला दाखवायचा, एवढाच बेत होता. पण पायऱ्यांवरच माकडांचा कळप बसला होता.

ही आपल्या शेतात येणारी काळ्या तोंडाची वानरं नव्हेत. डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस, म्हणून इंग्रजीत यांचं नाव बॉनेट मकाक. एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. मी मुलाला म्हटलं, "तिच्याजवळ बस आणि छान हस, फोटो काढते."

तो तिच्याकडे टक लावून दात दाखवत हसला. तिने भुवया ताणल्या, तोंड उघडलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात मागून पहारेकरी ओरडला, "नगब्याड तम्मा!" हसू नकोस, बाळा. कानडी कळत होतं म्हणून बरं. मुलाला मागे ओढलं, तेव्हा माझे हात थरथरत होते. चूक माझीच होती.

पहारेकऱ्याने मग समजावलं. माकडांमध्ये टक लावून बघणं म्हणजे धमकी. ओठ मागे ओढून दात दाखवणं म्हणजे भीती किंवा शरणागती. म्हणजे माझा मुलगा एकाच वेळी धमकावतही होता आणि घाबरतही होता!

नंतर अर्धा तास आम्ही लांबून, नजर खाली ठेवून पाहत बसलो. एक तरुण नर मोठ्या नराजवळ आला, पाठ फिरवून उभा राहिला. मोठ्याने त्याला नुसता हात लावला. लगेच दोघे एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवू लागले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दुसरी एक माकडीण ओठ चपचप हलवत पिल्लाच्या आईजवळ आली. त्याचा अर्थ "मी त्रास द्यायला आले नाही." आईने तिला पिल्लाला हात लावू दिला.

बंदीपूरच्या याच जातीच्या माकडांवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ती माणसाकडे खाणं मागताना खास आवाज काढतात आणि हात पुढे करतात. आपली भाषा त्यांनी थोडीफार ओळखली आहे. आपणच त्यांची शिकायला तयार नसतो.

शेवटी नटराज पाहिला. त्याचे हात मोजता मोजता मुलाने हळूच विचारलं, "आई, आता हसू का?"