वाढत्या अंगाचं

आमच्या घरी शाळेचा गणवेश कायम वाढत्या अंगाचा शिवला जायचा. शिंपी माप घेऊन आकडा पुकारायचा आणि आई शांतपणे म्हणायची, "दोन इंच वाढवा." पहिलं वर्ष बाह्या दुमडण्यात जायचं, दुसऱ्या वर्षी कपडा अंगाला बसायचा, तिसऱ्या वर्षी तो आखूड होऊन धाकटीकडे जायचा.

बाबांचे गोल्फचे क्लब माझ्याकडे आले ते याच रीतीनं. फरक एवढाच, की पोलादाच्या बाह्या दुमडता येत नाहीत.

बाबा लष्करात होते. आपल्याकडे किती घरांत हा खेळ लष्कराच्या वाटेनं आला असेल! १९८७ साली पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बन लाहिरीसुद्धा लष्करी डॉक्टरांचा मुलगा, आणि त्यानं पहिले धडे वडिलांकडेच घेतले. मध्य प्रदेशातल्या ज्या छावणीत मी शिकले तिथं पाण्याची टंचाई होती. त्यामुळे खड्ड्याभोवती ग्रीनऐवजी ब्राऊन असायचं. म्हणजे वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून, चोपून केलेलं गोल अंगण. चेंडू तिथं पोचला की कॅडी लांब दांड्याची फळी घेऊन चेंडूपासून खड्ड्यापर्यंत एक पट्टा ओढून सपाट करून द्यायचा, आणि त्या काळपट, तेलकट वाटेवरून आम्ही पट करायचो. घरी आल्यावरही बुटांना तो वास असायचा. उन्हाळ्यात फेअरवे म्हणजे निव्वळ मुरूम. क्लब जमिनीत घुसला की मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. म्हणून बाबांनी मला चेंडू वरच्या वर उचलायला शिकवलं. "टीप त्याला, खणू नकोस," ते म्हणायचे.

बाबा पाच फूट अकरा इंच. मी पाच फूट एक. "क्लब जरा खाली धर," एवढाच त्यावरचा उपाय होता, आणि मी तो आयुष्यभर केला. त्यांच्या सेव्हन आयर्नच्या रबरी ग्रिपवर डाव्या अंगठ्याच्या जागी एक खोलगट खूण पडली आहे, चहाच्या चमच्याच्या टोकाएवढी. तो बाबांचा अंगठा. माझा अंगठा त्या खुणेच्या दीड इंच खाली टेकायचा. क्लब हातात घेतला की आधी बोट त्या खळग्यावरून फिरायचं आणि मग खाली आपल्या जागी यायचं.

लग्नानंतर पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर शनिवारी पहाटे खेळायचे, त्याच क्लबांनी. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका जुलैत, शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पकड पहिल्यासारखी राहिली नाही. बॅग माळ्यावर गेली ती बारा वर्षं तिथंच होती. यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली. मी चेन उघडली, सेव्हन आयर्न काढला, अंगठा खळग्यावर फिरवला, आणि बॅग परत वर जाऊ दिली नाही.

क्लब मोजून घ्यायचे हे मुलीनं सुचवलं. मला ते पटलं नव्हतं. मोजमाप तरबेज खेळाडूंनी करावं असं मला वाटायचं. आज नेमकं उलट वाटतं. तरबेज माणूस कुठल्याही क्लबाशी जुळवून घेतो, तेवढी ताकद आणि तेवढा सराव त्याच्या हातात असतो. मोडून जुळलेलं मनगट घेऊन जो परत उभा राहतो, त्याच्याकडे जुळवून घ्यायला शिल्लक काहीच नसतं. मापाची गरज त्याला जास्त.

मापाचे क्लब करून देणारा फिटर मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. जाळी लावलेल्या खोलीत हिरवं कृत्रिम गवत, मागे जमिनीलगत रडारची चपटी पेटी. मी लगेच स्विंग दाखवायला उभी राहिले, तर तो म्हणाला, "थांबा काकू. आधी कुठं दुखतं ते सांगा."

या खेळात मला हा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी सांगितलं. मनगट, सकाळी आखडणारी बोटं, उजव्या गुडघ्याचा कुरकुर आवाज. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग मला सरळ उभं करून, हात सैल सोडायला लावून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप धरली. साडेतीस इंच. तळवा मोजला, मधलं बोट मोजलं. टेपचं थंड टोक मनगटाला लागलं तेव्हा मी नकळत श्वास रोखला, शिंप्यापुढे रोखायचे तसा. पण या वेळी पलीकडून 'दोन इंच वाढवा' म्हणणारं कुणी नव्हतं. जेवढं आहे तेवढंच कागदावर गेलं.

मग बाबांचा सेव्हन आयर्न. त्याच्या तळाला त्यानं चिकटपट्टी लावली, पायाशी प्लास्टिकची फळी ठेवली आणि चेंडूवर मार्करनं उभी रेघ ओढून ती बरोबर क्लबाच्या तोंडासमोर आणली. मी मारला. त्यानं क्लब उलटा करून माझ्यासमोर धरला. पट्टीवरचा ओरखडा टाचेकडे होता, आणि चेंडूवरची रेघ क्लबाच्या तोंडावर उमटली होती ती टोकाच्या बाजूला कललेली.

"चेंडू डावीकडे जातो ना तुमचा?"

"कायम."

"हा क्लब तुमच्यासाठी फार उभा आहे. टाच आधी टेकते, टोक हवेत राहतं, त्यामुळे तोंड डावीकडे वळतं. यात स्विंगचा दोष नाही."

मी बाकावर बसले. तीस वर्षं मी त्या डावीकडे जाणाऱ्या चेंडूशी झगडत होते. खांदे उजवीकडे वळवून उभी राहायचे, शेवटच्या क्षणी मनगट आवळून धरायचे, बाबा ओरडायचे की डोकं हलतंय. डोकं हलत नव्हतं, बाबा. तुम्हालाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

खरं तर ही विद्या तेव्हाही जगात होती. नॉर्वेत जन्मलेला कार्स्टन सोल्हाइम अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर होता. स्वतःला पटिंग साधेना म्हणून त्यानं १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये आपला पटर बनवला. चेंडूला लागताना त्यातून जो आवाज निघायचा त्यावरून त्याला 'पिंग' नाव मिळालं. पुढे १९७०च्या दशकात त्याच्या कंपनीनं आयर्न क्लबांवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. काळा ठिपका म्हणजे ठरावीक कोन, बाकीचे रंग म्हणजे त्याहून उभे किंवा आडवे. उंची आणि मनगटाचं जमिनीपासूनचं अंतर सांगा, रंग कळेल. आमच्या छावणीत मात्र क्लब बदलीवर गेलेल्या माणसाकडून मिळायचे, आणि मिळाले हेच भाग्य.

पुढचे दोन तास त्या फिटरनं माझ्या हातात एकामागून एक शाफ्ट, म्हणजे क्लबाचे दांडे, दिले. बाबांचा पोलादी शाफ्ट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, हा ग्रॅफाइटचा त्याच्या निम्माही नाही. शाफ्टवर लवचीकपणाची अक्षरं असतात, एल, ए, आर, एस, एक्स. पण एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या आरसारखा असेलच असं नाही, तशी काही सर्वमान्य मोजणी नाही. त्यामुळे अक्षर वाचून घेऊ नका, मारून बघा, असं तो म्हणाला. ग्रिप मात्र त्यानं बारीक न करता जाड केली. मी चकित झाले. माझा हात लहान आहे. पण आखडलेल्या बोटांना बारीक वस्तू जास्त आवळावी लागते, हे त्यानं सांगितलं आणि मला रोजची लाटणी आठवली. गेली दोन वर्षं मी बारीक सोडून जाड लाटणंच उचलते, का ते स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

आकड्यांचं एक सांगायला हवं. बाबांच्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे कललेला कोन, ३६ अंश निघाला, हल्लीच्या सेव्हनचा ३० अंश. सात आकडा तोच, क्लब निराळा. परतणाऱ्या माणसाला नवा क्लब लांब गेलेला दाखवून सहज खूश करता येईल. या मुलानं तसं केलं नाही. माझा वेग कमी, त्यामुळे तीस अंशांचा चेंडू बुटका जात होता. चौतीस अंशांचा उंच गेला, ९२ यार्डांवर पडला आणि तिथंच थांबला. "हा तुमचा," तो म्हणाला. मग त्यानं माझ्या जुन्या फोर, फाइव्ह आणि सिक्सचे आकडे शेजारी शेजारी मांडले. तिन्हींत पाच यार्डांचाही फरक नव्हता. त्यांच्या जागी एक हायब्रिड आणि एक सेव्हन वूड आला. नियमानं बॅगेत चौदा क्लब चालतात. माझे नऊ झाले.

निघताना त्यानं बाबांचा सेव्हन आयर्न हातात तोलला. "हा घडीव आहे काकू. पकडीत धरून दोन अंश वाकवता येईल. वरून इंचभर कापू, नवी ग्रिप घालू." मी त्याच्या हातातून तो घेतला आणि नको म्हणाले. नवी ग्रिप घालायची तर जुनी चिरून काढावी लागते.

तीन आठवड्यांनी खोका आला. पहिल्याच शनिवारी सव्वासहाला मी येरवड्यात होते. गवतावर दव होतं. नवा सेव्हन काढला, पूर्ण ग्रिपवर, अगदी वरच्या टोकाला हात ठेवला. पहिले काही चेंडू मी सवयीनं टिपलेच. सातवा की आठवा असेल, मी मनगट आवळलं नाही, क्लबाला खाली जाऊ दिलं. चेंडू समोरच्या कडुनिंबाच्या रेषेत वर चढला. पण मी त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. पायाशी हिरवळीचा एक तुकडा निघाला होता. मी गुडघा सांभाळत खाली बसले आणि त्या ओल्या खळग्यात दोन बोटं घातली. टाचेची कड आणि टोकाची कड, दोन्हीकडे माती सारख्याच खोलीवर लागली.

तुकडा पुढे चार पावलांवर पडला होता. तो आणून जागेवर बसवला आणि बुटानं दाबला.