एकाच पातेल्यात कोंबडी आणि राजमा!

अहो, कोंबडीत राजमा! इतकी वर्षं राजमा भाताबरोबर आणि कोंबडी भाकरीबरोबर, दोघांची गाठ कुणी कधी घालूनच दिली नव्हती. आता मी भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटलेय. लिफ्टमध्येसुद्धा.

पदार्थ टेक्सासचा, नाव चिली. तिथल्या सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायका रात्री कंदिलाच्या उजेडात हा तिखटजाळ रस्सा विकायच्या. १९७७ साली टेक्सासने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थच करून टाकलं. तिथल्या कट्टरांना म्हणे चिलीत राजमा अजिबात खपत नाही, आणि मांसही गाईचंच हवं. म्हणोत बापडे! मी राहते नवी मुंबईतल्या करावे गावात, आणि माझ्या डब्यात आहे आगरी मसाला.

पाम बीच मार्गावरून जाणाऱ्याला इथे टॉवरच दिसतात, पण आत गाव आहे आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्च्यांवर मिरच्या वाळत असतात. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मसाला भाजायला घेतला की अख्खी आळी खोकते. माझा डबा ओळखीच्या एका मावशींकडून भरून येतो.

राजमा रात्री भिजवला, सकाळी ते पाणी ओतून नव्या पाण्यात कुकरला लावला. कच्चट राजमा पोटाला बाधतो. त्यातलं विष खळखळ उकळीनेच जातं, तेव्हा इथे घाई नाही. आणि टोमॅटो आत्ता नाही! आंबटात राजमा लवकर मऊ होत नाही, चिवट राहतो. दुसरीकडे पातेल्यात तेल, कांदा चांगला लालसर, आलं-लसणाचं वाटण, भरडलेलं जिरं, आणि गॅस बारीक करून दोन मोठे चमचे मसाला. इथून पातेल्यावरची नजर हलवू नका. मसाला तेल पितो, क्षणभर कोरडा पडतो, आणि मग कडेकडेने लालभडक तवंग सुटतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून सगळा खेळ याच अर्ध्या मिनिटाचा. मग टोमॅटो, मग हाडासकट तंगड्या, मीठ, झाकण. कोंबडी अर्धी शिजली की राजमा, आणि त्यातला डावभर कडेला घेऊन चेचायचा. काय सांगू! खोबऱ्याचं वाटण नाही, काजू नाहीत, तरी रस्सा असा दाट की तांदळाच्या भाकरीवरून ओघळतसुद्धा नाही.

पहिल्या घासाला राजम्याचा मऊपणाच लागतो. आपण बेसावध, आणि मसाला मागून येऊन कानशिलं तापवतो. पाण्याने काही होत नाही, ताक घ्या. आणि थोडं उद्यासाठी ठेवता आलं तर ठेवा, मुरल्यावर आणखी फर्मास लागतं. आमच्याकडे उरलं नाही.

वाटीभर मावशींना नेऊन दिलं. वाटलं, चकितच होतील. त्यांनी बोटाने चाटून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "कोंबरी न् शेंगा आमी पोपटीन घालतावच की!"

पोपटी! हे मला कसं सुचलं नाही? थंडीत वालाच्या शेंगा निघाल्या की रायगडात आणि या सगळ्या आगरी पट्ट्यात मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, कोंबडी शेंगांच्या वाफेवर शिजते. आणि परकं-आपलं म्हणाल, तर माझ्या पातेल्यातले मिरची, टोमॅटो, राजमा तिघंही मूळचे अमेरिकेचे. मिरचीला पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलं. उलट टेक्सासला परकी असेल तर ती कोंबडी, कारण ती आशियातली!

थंडीत राजम्याऐवजी वालाचे ओले दाणे घालून बघणार आहे. मसाला मात्र तोवर पुरणार नाही, मावशींना अर्धा किलो आणखी सांगून ठेवलाय.