शेपटीआधी मान

2023 च्या दिवाळीत बहीण भाऊबीजेला ठाण्याहून अलिबागला आली आणि तिच्यासोबत आला माझा भाचा, नववीतला. आल्या आल्या त्याने माझा फोन मागून घेतला, त्यात एक गेम टाकला आणि म्हणाला, "मामा, तुझ्या लाडक्या राक्षसांचा आहे. आता फोनवर आलाय."

गेमचं नाव 'मॉन्स्टर हंटर नाऊ'. दोन महिन्यांपूर्वी, सप्टेंबरमध्येच तो जगभर खुला झाला होता. कॅपकॉमची ही मालिका मूळची 2004 सालची, प्लेस्टेशन 2 वर सुरू झालेली. मी तिच्यात पडलो तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, मित्राच्या पीएसपीवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर. अवाढव्य प्राण्यांची शिकार, एवढाच वरवरचा मामला. पण त्यातला शिकारी स्वतः कधी बलवान होत नाही. जे काही बळ, ते मारलेल्या प्राण्याच्या हाडा-कातड्यापासून घडवलेल्या हत्यारा-चिलखतात. बाकी सगळं खेळणाऱ्याच्या डोळ्यांत आणि बोटांत. प्राण्याच्या डोक्यावर 'किती जीव उरला' हे सांगणारी पट्टीही तेव्हा नसायची. तो लंगडू लागला की समजायचं, थकलाय, आता गुहेकडे पळेल. एका शिकारीला 50 मिनिटं मिळायची आणि तीनदा कोसळलात की मोहीम संपली.

पीएसपीला कॅमेरा फिरवायला दुसरी काठी (जॉयस्टिक) नव्हती. म्हणून डाव्या हाताचा अंगठा चालण्याच्या काठीवर आणि त्याच हाताची तर्जनी वाकवून वरच्या चार बटणांवर, अशी एक अवघडलेली पकड आम्ही सगळ्यांनी शिकून घेतली होती. जपानात तर या पकडीला स्वतंत्र नाव होतं. तासाभराने बोट आखडायचं, पण बटणाची कड बोटाला कळायची. न बघता कळायची. तो स्पर्श होता म्हणून नजर प्राण्यावरून हलत नसे.

2014 मध्ये त्याच पीएसपीवरचा गेम आयपॅडवर आला, तेव्हा एका मित्राकडे जाऊन मी तो खेळून पाहिला होता. काचेवर काठीचं चित्र, काचेवर बटणांची चित्रं. अंगठा चित्रावरून कधी सरकला ते कळतच नव्हतं. प्राणी अंगावर येई आणि मी खाली अंगठ्याकडे बघत असे. दोन दिवसांत मी तो नाद सोडला आणि मनाशी ठरवून टाकलं की ही शिकार काचेवर होणं नाही. भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात ठेवला. "एकदा खेळ तर."

इथे काठीचं चित्रच नव्हतं. बोट टेकवलं की वार. बोट सर्रकन ओढलं की त्या दिशेला उडी. दाबून धरलं की हत्याराची खास करामत. मोठी तलवार असेल तर ती खांद्यावर तोलून वाट बघत राहते आणि बोट उचललं की उतरते. बोट काचेवर कुठेही ठेवा, चालतं. म्हणजे बोट चुकायला जागाच ठेवलेली नव्हती. आणि 50 मिनिटांच्या जागी फक्त 75 सेकंद.

सुरुवातीला मी त्या 75 सेकंदांच्या दडपणाखाली खेळलो. घड्याळ उलटं पळतंय म्हटल्यावर बोट थांबेना. टकटकटक वार करत सुटायचं, मार खायचा, पुन्हा वार करायचे. छोटे प्राणी पडले. ग्रेट जग्रास पडला, हातात दगड धरून येणारा कुलू-या-कू पडला. मग दलदलीतला ज्युराटोडस समोर आला आणि गाडी अडली. दोन पायांचा, चिखलाने माखलेला, अजस्र मासा. सहा वेळा गेलो, सहा वेळा हात हलवत परत आलो.

हा गेम खऱ्या नकाशावर चालतो. तुम्ही चाललात तर शिकारी चालतो आणि प्राणी तुमच्या गावातल्या रस्त्यांवरच उभे दिसतात. ठाण्यात स्टेशनबाहेर उभं राहिलं की अनोळखी चौघं मिळून एकच प्राणी मारतात, असं भाचा सांगत होता. अलिबागच्या किनाऱ्यावर आम्ही दोघंच. पण इथली शांतता मला आवडते. आमच्या घराजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार आणि त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली हे काम इथे हलवलं. पृथ्वीच्या चुंबकत्वातली बारीकशी हालचाल टिपायची तर भोवती गडबड नको, एवढी साधी गोष्ट. लहानपणापासून त्या आवाराजवळून जाताना मी आपोआप हळू बोलतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला नकाशावर अलिबागच्याच कुलाबा किल्ल्याच्या बाजूला ज्युराटोडस दिसला. किल्ला समुद्रात. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी. भाचा फोनवर ओहोटीची वेळ शोधू लागला, तेवढ्यात शेजारचे तात्या अंगणातून म्हणाले, "आज तृतीया. तिथीला पाऊणने गुण." तीन पाऊणे सव्वादोन, सव्वादोनला भरती, त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठला पूर्ण ओहोटी. भाच्याने फोनवर पडताळून पाहिलं. थोड्या मिनिटांचाच फरक होता. तो तात्यांकडे बघतच राहिला.

तात्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. आयुष्यभर मासेमारी केली. आता होडीवर जात नाहीत, पण पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन किनाऱ्यावर जायचं काही सुटलेलं नाही. तेही आमच्याबरोबर निघाले.

ओल्या वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही किल्ल्याच्या वाटेला लागलो. तात्या एका उथळ घळीपाशी थांबले. पाग डाव्या कोपरावर घेतला, त्याची कड दातांत धरली आणि उभे राहिले. नुसते उभे. आम्हाला पाण्यात काहीच दिसत नव्हतं. बराच वेळ गेला. मग पाण्यावर एक बारीक सुरकुती उठली, वाऱ्याच्या उलट्या दिशेने. तात्यांचं अंग फिरलं, पाग हवेत गोल उघडला आणि टोकाच्या शिशांचा एकच आवाज करत पाण्यावर पडला. आत पाच-सहा बोयटं चमकत होती.

भाच्याने विचारलं, "तात्या, तुम्हाला कळलं कसं?"

"तो वळायच्या आधी पाणी वळतं," तात्या म्हणाले.

किल्ल्याच्या तटाखाली सावलीत बसून मी सातव्यांदा ज्युराटोडससमोर उभा राहिलो. तात्या माझ्या खांद्यावरून बघत होते. चिखलातून तो प्राणी वर आला तसे हसले. "अरे, हा तर निवटा! आपल्या खाडीतला." खाडीच्या चिखलात पायासारख्या परांवर सरपटणारा निवटा आमच्याकडे कालवणाला आणतात, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणायचा. मी टकटक वार सुरू केले. शेपूट फिरली, मी पडलो. पुन्हा शेपूट, पुन्हा पडलो. वेळ संपली.

"तू त्याच्याकडे बघतच नाहीस," तात्या म्हणाले. रागावून नाही, जाळ्याची गाठ चुकली तर सांगावं तसं. "तू घड्याळाकडे बघतोस. आण इकडे."

त्यांनी फोन घेतला. बोटं ओली, काच काही ऐकेना. त्यांनी खांद्यावरच्या पंचाला हात पुसले, मग अंगठा एकदा सदऱ्याला घासला आणि बोट टेकवलं. शिकार सुरू झाली. त्यांनी वार केलाच नाही. घड्याळ 60 वर आलं, 50 वर आलं. भाचा तोंडावर हात धरून बसला होता. प्राणी अंगावर धावून आला तर तात्यांनी बोट बाजूला ओढलं, बस्स. पहिल्या दोन वेळा मार बसला. तिसऱ्या वेळी नाही. चौथ्या वेळी शेपूट शिकाऱ्याच्या शेजारून गेली आणि तात्यांनी पहिल्यांदा तलवार दाबून धरली. वार बरोबर मानेवर पडला. असे तीन वार झाले आणि 75 सेकंद संपले. प्राणी जिवंतच राहिला.

भाचा हळहळला. तात्यांना त्याचं काही नव्हतं. फोन परत देत म्हणाले, "शेपटीआधी मान वळते त्याची. डावीकडे वळली की शेपूट उजवीकडून येणार. तेवढं बघ, मग मार." आणि पाग झटकत उठले. "चला, पाणी फिरलं."

मला तिथे बसल्या बसल्या उमगलं की कॉलेजात मला या खेळाने लळा लावला होता तो नेमका याच गोष्टीसाठी. बटणाचा स्पर्श मी उगाच मोठा करून ठेवला होता. स्पर्शाने नजर मोकळी होत होती, आणि खरा खेळ त्या नजरेत होता. या काचेवर बोटाला शोधण्यासारखं काहीच ठेवलेलं नाही, म्हणजे इथेही नजर मोकळीच आहे. घाई 75 सेकंदांची नव्हती, माझी होती. समोरच्या जिवाकडे नीट बघायला 20 सेकंद खर्च केले, तर उरलेले 55 पुरतात.

परतताना पाणी घोट्यावरून पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. भाचा मध्येच फोन काढू लागला, तर तात्यांनी त्याचा हात धरला आणि किनारा येईपर्यंत सोडला नाही. त्यानंतर आमच्यात एक नियम झाला: पाण्यात पाय असताना शिकार नाही. या किल्ल्याच्या वाटेवर भरतीचं भान सुटलेल्यांच्या गोष्टी अलिबागकरांनी पुष्कळ ऐकल्या आहेत. गेममधलं मांजर रंगाचा गोळा मारून प्राण्यावर खूण करून ठेवतं, तो नंतर घरी बसूनही मारता येतो. घाई करायचं काही कारणच नाही.

त्या रात्री ओटीवर बसून मी पुन्हा ज्युराटोडससमोर गेलो. वार थांबवला आणि नुसतं बघितलं. मान डावीकडे वळली. बोट ओढलं. शेपूट रिकाम्या हवेतून गेली. सहा सेकंद शिल्लक असताना तो कोसळला. भाचा ओरडत तात्यांच्या अंगणात धावला, पण ते झोपले होते. सकाळच्या ओहोटीला जायचं होतं त्यांना.

पुढच्या वर्षी भाचा दहावीच्या अभ्यासाला लागला आणि गेम रविवारपुरता उरला. मध्ये कधी तरी त्याचा संदेश येतो, नवा प्राणी अडलाय म्हणून. मी तात्यांना तो प्राणी फोनवर दाखवतो. ते एक-दोन मिनिटं काही न बोलता बघतात आणि मग जे सांगतात, ते मी तसंच्या तसं ठाण्याला कळवतो.