पगारातून कापलेली ‘शॉर्ट’

साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर मी गाड्यांत पेट्रोल भरायचं काम करते. पगार 14,000. शिफ्ट सुरू होताना आणि संपताना मशीनचं रीडिंग घेतात. जेवढे लिटर गेले तेवढे पैसे रोख, कार्ड आणि यूपीआय मिळून जमा व्हायला हवेत. कमी पडले की त्याला आम्ही ‘शॉर्ट’ म्हणतो. दहा-वीस रुपयांची शॉर्ट सगळेच गुपचूप खिशातून भरतात.

डिसेंबरात सकाळच्या एका शिफ्टला 4,200 रुपये शॉर्ट आली. त्या दिवशी एक जण सुट्टीवर होता. दोन मशीनवर आम्ही दोघं आलटून पालटून उभे होतो आणि कॅशची बॅग एकच होती. मी डबा खायला गेले तेव्हा ती दुसऱ्याच्या गळ्यात होती. रजिस्टरला मात्र नाव माझं.

मॅनेजर म्हणाले, “पगारातून जातील.” ‘माझ्या निष्काळजीपणामुळे रक्कम कमी आली’ असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली. मी म्हटलं, “साहेब, आधी हिशोब बघू, मग सही.” ते चिडले. पगार हातात आला तो 4,200 कमीच. सासूबाईंना मी सांगितलं, पगार या वेळी अर्धवट झालाय. खरं सांगायचा धीर झाला नाही. नोकरीही जाईल असं वाटत होतं.

आमच्या आळीतल्या एका काकांचं आयुष्य कामगार संघटनेत गेलंय. त्यांनी नीट समजावलं. मालकाला कधीच कापता येत नाही, असं नाही. पण ते पैसे त्या कामगाराच्या जबाबदारीवर असायला हवेत आणि तूट थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे आलेली असायला हवी. कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तुटीपेक्षा जास्त कापता येत नाही. शिवाय सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. 1936 च्या वेतन कायद्यात हे होतंच. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे.

मी साधा अर्ज लिहिला. त्या शिफ्टचं रीडिंग, टेस्टिंगची नोंद, यूपीआयची यादी आणि कपातीचं कारण लेखी मागितलं. पोच द्यायला ऑफिस तयार होईना, म्हणून तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला आणि पावती जपून ठेवली. कामगार कार्यालयातही चौकशी करून आले. तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, हे तिथे कळलं.

अर्ज मालकांच्या हातात पडल्यावर हिशोब पुन्हा काढला गेला. सकाळी 5 लिटरच्या मापात पेट्रोल काढून माप तपासतात आणि ते परत टाकीत ओततात. मीटर मात्र पुढे गेलेला असतो. दोन मशीनचे ते 10 लिटर त्या दिवशी वजाच केले नव्हते. हजारावर रुपये तिथेच निघाले. साडेनऊशे रुपये तिसऱ्याच मशीनच्या क्यूआरवर जमा झाले होते. उरलेले कुठे गेले ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

तेवढे तरी भर, असं मॅनेजरचं म्हणणं होतं. मी मालकांना विचारलं, “बॅग दोघांच्या हातात होती, मग तूट माझ्या एकटीचीच कशावरून?” त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या पगारात सगळे 4,200 परत आले. मॅनेजर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पण आता पंपावर प्रत्येकाला वेगळी बॅग मिळते.

पंप असो, मेडिकल असो की मॉल, कॅश सांभाळणाऱ्यांनी एवढं करावं. शिफ्ट घेताना आणि देताना रीडिंगचा किंवा मोजणीचा फोटो काढा. आपली कॅश दुसऱ्याकडे द्यावी लागली तर रक्कम लिहून त्याची सही घ्या. हिशोब बघितल्याशिवाय चूक कबूल केल्याच्या कागदावर सही करू नका. आणि जे मागायचं ते लेखी मागा.