चोरून दिलेला घास

भाचीला शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आला तेव्हा भैरूला जाऊन काही महिने झाले होते. पहिलं वाक्य तिने ठरल्याप्रमाणे लिहिलं, की कुत्रा हा इमानी प्राणी आहे, आणि मग मला विचारलं, “आत्ती, भैरूला खायला काय आवडायचं?”

मला पटकन सांगता येईना. मटण म्हणावं, तर थाळीत सरळ वाढलेलं मटण त्याने हुंगून सोडल्याचं मी पाहिलंय. दूधभात, भाकरी, बिस्किटं, सगळ्याची तीच तऱ्हा. त्याला चोरून दिलेलं आवडायचं. मग पदार्थ कुठलाही असो. हे काही निबंधात बसेना, तेव्हा तिने ‘त्याला दूधभाकरी आवडे’ असं लिहून टाकलं आणि ती खेळायला गेली. निबंधात बसलं नाही ते मी इथे लिहिते.

जयसिंगपूरच्या आमच्या घरात आप्पा, आई, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. धाकटी बहीण सांगलीला दिलेली, पण महिन्यातून एकदा तरी दाजींना घेऊन येणारच. भैरू कुठल्या जातीचा, असं कुणी विचारलं की आई “आमच्यातलाच” म्हणायची. मी शाळेत शिकवते. घरात मला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. भरल्या घरात कुणीतरी ‘नाही’ म्हणणारं लागतं.

आखाडातला रविवार होता. श्रावण लागायच्या आत मटण खाऊन घ्यायची आमच्याकडे घाई असते, त्यातून बहीण-दाजी आलेले. आदल्या दिवशी आई नरसोबाच्या वाडीला जाऊन आली होती. कृष्णेचं पाणी चढून देवळात शिरलं आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागलं, की त्या स्नानाला माणसं लोटतात. आई गुडघे धरून का होईना, दक्षिणद्वार चुकवत नाही. येताना वाडीची बासुंदी आणि पेढे आणते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, तेव्हा वाडीहून आलेलं भैरूला द्यायचंच हा तिचा नेम, आणि प्रसादाने कुणाला काही होत नाही ही तिची खात्री. तर त्या दिवशी टेबलावर तांबडा, पांढरा, सुकं, शिवाय बासुंदी. जेवणभर भैरू टेबलाखाली होता. तो तिथे नेहमीच असे, म्हणून कुणी वाकून पाहिलं नाही.

रात्री दहाच्या सुमारास तो सोप्यात ओकला. आधी अन्न पडलं, मग पिवळं पाणी, मग नुसत्याच उमाळ्या. बाहेर पाऊस धरून होता. थोड्या वेळाने त्याने पुढचे पाय पसरले, छाती फरशीला टेकवली आणि मागची बाजू तशीच उंच ठेवली. जरा वेळ तसा राहिला, उठला, दोन पावलं चालला आणि पुन्हा तसाच झाला. आई माळ ओढत बसली होती. म्हणाली, “बघा, दत्ताला नमस्कार घालालाय.” भाचा हसला. दाजींनी मोबाइल काढून फोटो घेतला. पोटात असह्य दुखत असलं की कुत्रं असं ओणवं होतं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. तो फोटो दाजींनी पुढे कधी कुणाला दाखवला नाही, पण पुसलाही नाही.

मग आप्पा त्याला उचलायला गेले. पोटाखाली हात लागला आणि भैरूने दात दाखवले. पिल्लू असल्यापासून आप्पांच्या खाटेखाली झोपणाऱ्या भैरूने, आप्पांना. सोप्यात सगळे एकदम गप्प झाले.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, काय खाल्लंय? मी फोन कानाला धरूनच मोठ्याने विचारलं, “काय दिलंय त्याला?” उत्तर आलं, “रोजचंच.” कुणी दिलं ते सांगता येणार नाही. सगळ्यांनीच दिलं असावं.

कुत्र्याला न्यायला दोन माणसं पुरली असती. पण आप्पांच्या जुन्या व्हॅनमध्ये मांडीवर मांडी घेऊन सगळेच चढले. पोरांना घरी ठेवायला कुणी तयार नव्हतं, कारण मग पोरांपाशी कुणालातरी राहावं लागलं असतं. आईच्या एका हातात माळ होती, दुसऱ्या हातात बासुंदीचा डबा. डबा कशाला, तर म्हणे डॉक्टरांना.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, ताप बघितला, सुई लावली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिलं. “रोजचं जेवून असं सहसा होत नाही,” ते म्हणाले. “खरं काय ते सांगा. मी काय पोलीस न्हवं.”

आधी भाचा बोलला. मटणातली चरबी त्याला खाववत नाही, ती सगळी टेबलाखाली गेली होती. मग दाजींनी घसा खाकरला. नळ्या त्यांच्याकडून. वहिनीने पांढऱ्या रश्श्यात भाकरी बुडवून दिलेली, तो बघत होता म्हणून. दादाने कलेजी. बहीण म्हणाली, मी फक्त भातावरचं तूप, तेही निथळून. भाचीने अर्धा पेढा. आप्पांनी तांबड्या रश्श्यावरचा कट वाटीत वेगळा काढून ती वाटीच खाली धरली होती. त्यांना स्वतःला तेलकट मना आहे, तेव्हा जायचा कुठे? आई सगळ्यात शेवटी, हळूच म्हणाली, “साय. बासुंदीवरची. पण ती प्रसादाची.”

आपलं सांगताना प्रत्येकाची मान खाली होती आणि दुसऱ्याचं ऐकताना वर येत होती. अपराधापेक्षा आश्चर्यच जास्त दिसत होतं. भैरूला काय ते आपणच देतो, बाकीचे त्याला कोरडं ठेवतात, अशी एकेकाची वर्षानुवर्षांची समजूत होती. ती त्या खोलीत एकेक करून मोडली. डॉक्टर लिहून घेत होते. माझीही पाळी आली. मी काय सांगितलं ते त्या कागदावर आहे, आणि कागद डॉक्टरांकडे आहे.

दुखणं स्वादुपिंडाचं निघालं. सूज आलेली. अन्न पचवणारे रस ही ग्रंथी तयार करते, पण ते आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतात. काही बिनसलं तर ते ग्रंथीतच कामाला लागतात आणि तिलाच पचवत सुटतात. डॉक्टर आप्पांना म्हणाले, “डबा कामावर जाऊन उघडायचा, तो एसटीतच उघडला.” असं का होतं ते दर वेळी सापडत नाही, पण चरबीचं खाणं हा त्यातला जुना संशयित, “आणि तुमच्याकडे तर यादीच हाय.” भैरूला सलाइनवर तिथेच ठेवून घेतलं. बासुंदीही डॉक्टरांनी ठेवून घेतली, आमच्याकडे परत जाऊ नये म्हणून असावी.

आप्पा रोज इन्सुलिन टोचून घेतात. तेही ह्याच ग्रंथीतून येतं असं कळल्यावर ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी भाचीला शोधायला बसवलं. तिने वाचून दाखवलं, की 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. मधुमेह कुठून येतो ते तेव्हा समजलं. मग 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोग, तेही कुत्र्यांवरच, आणि 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे ह्यांच्या जिवावर मी पेढे खाल्ले,” ते म्हणाले. पेढे त्यांनी सोडले नाहीत. पण त्यानंतर भैरूला ‘ए’ म्हणून हाक मारलेली त्यांना चालेना.

भैरू घरी आला तो बरगड्या दिसत. पूर्वी अशा कुत्र्याला बरेच दिवस तोंडाने काहीच देत नसत, ग्रंथीला विसावा म्हणून. आता ओकाऱ्या थांबल्या की थोडं थोडं लगेच सुरू करतात, कारण आतडं रिकामं राहिलं की तेही बिघडतं. तेव्हा मऊ भात, कातडं काढलेल्या कोंबडीच्या छातीचं उकडलेलं मांस बारीक तोडून, आणि हे दिवसातून चार-पाच वेळा, मूठ-मूठभर. तेल नाही, तूप नाही, साय नाही. उकडलेलं पाणी मी फ्रिजमध्ये ठेवायची आणि वर पांढरा थर धरला की तो काढून टाकायची. फ्रिजवर वही टांगली, तिला दोरीने पेन्सिल बांधली. ज्याने जे दिलं ते त्याने तिथे लिहायचं. त्या वहीत आईच्या अक्षरात नोंद आहे: ‘काही नाही. (अंगारा.)’ आप्पांची: ‘भात. खरंच भात.’

सगळं शास्त्रशुद्ध होतं. फक्त भैरू खात नव्हता. मी जर्मनची थाळी पुढे ठेवायची, तो एकदा बघायचा आणि पाठ करून बसायचा. मी हाताने भरवलं, तरी तोंड मिटलेलं. ओरडले, मग गोड बोलले. वहिनी म्हणाली, तुमच्या हातचं नको असेल, मी देते. तिचंही नको. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर पुन्हा घेऊन या.

त्या रात्री आम्ही जेवायला बसलो, कुणाचंच लक्ष जेवणात नव्हतं. भैरू सवयीने येऊन टेबलाखाली पडला. माझी नजर आप्पांवर होतीच. ते दादाशी पाटबंधारे खात्याबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांचा डावा हात खाली गेला. मी म्हणाले, “आप्पा, हात वर.” त्यांनी हात वर केला. मुठीत भैरूच्याच थाळीतला अळणी भात होता. “त्याचंच आहे,” ते म्हणाले. मी गप्प बसले. हात पुन्हा खाली गेला, आणि टेबलाखालून मिटक्यांचा आवाज आला.

मग ते रोजचं नाटक झालं. भैरूची थाळी टेबलावर आमच्या ताटांमध्ये ठेवायची. त्यातला घास उचलायचा तो दुसरीकडे बघत, आणि दुसऱ्याच कुणाशी तरी, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत. सरळ त्याच्याकडे बघून दिलं की तो तोंड फिरवी. भाचा ह्यात तरबेज निघाला. पाढे म्हणता म्हणता सगळी मूठ संपवायचा. वहिनीला बोलणं सुचत नसे, ती दर घासाला “पाऊस आहे का?” विचारी. त्यात माझंही काम ठरलेलं होतं. मी मधूनमधून रागावलं नाही, तर भैरूला घास खरा वाटत नसे. तेव्हा मी दर दोन-चार घासांनी “कोण देतंय त्याला?” म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांनी “कुणी नाही” म्हणायचं. कुत्रं बरं करायला आम्ही एकमेकांशी इतकं ठरवून खोटं बोललो. खरं बोलून आमच्या घरात एवढा एकोपा कधी झाला नव्हता.

तो हे कुठून शिकला, याचा मी पुष्कळ विचार केला. फार लांब जावं लागलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला उघडपणे काही दिलेलं मला आठवत नाही. बहीण माहेराहून निघाली की आप्पा स्टँडवर तिच्या हातात पैसे कोंबत, “आईला सांगू नको.” त्याआधीच आईने मोहरीच्या डब्यातले काढून तिच्या पिशवीत घातलेले असत, “आप्पांना सांगू नको.” मी बीएडला गेले तेव्हा माझी फी आप्पांनी भरली. आईनेही भरली. दोघांनीही मला शपथ घातली होती, म्हणून मी दोघांनाही सांगितलं नाही. वरचे पैसे दादाला दुकानासाठी दिले, वहिनीला सांगू नको म्हणून. दिलेलं दिसलं की त्याचा हिशेब होतो, आणि हिशेब झाला की भांडण, अशी काहीतरी भीती ह्या घराला आहे. भैरूने ती आमच्याकडून घेतली असणार. उघड्यावर वाढलेलं अन्न त्याला औषधासारखं वाटत असेल. आणि त्या दिवसांत ते औषधच होतं.

तो त्यानंतर काही वर्षं जगला. एका दिवाळीत पुन्हा जरा दुखलं, पण लवकर कळलं, कारण ते ओणवं होणं आता घरातल्या पोरांनाही ओळखता येत होतं. शेवटी म्हातारपणाने गेला. त्याचा त्या रात्रीशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आमच्याकडे ते कुणी मानत नाही. दवाखान्यात ‘थोडंसंच’ दिलं म्हणणारे सगळे आता सगळा दोष स्वतःकडे ओढतात. आई म्हणते साय, आप्पा म्हणतात कट, दाजी सांगलीहून फोनवर म्हणतात नळ्या. वाटून घ्यायला अजूनही कुणी तयार नाही.

तुमच्या घरी कुत्रं असेल आणि घर माणसांनी भरलेलं असेल, तर सणाची जेवणं उरकल्यावर सगळ्यांना समोरासमोर बसवा आणि कुणी काय दिलं ते विचारा. एकेकट्याला बाजूला घेऊन विचारू नका, ‘रोजचंच’ म्हणतील. आणि वही टांगणार असाल, तर तिला पेन्सिल बांधू नका, पेन बांधा. आमच्याकडे खोडरबर फार लागलं.